खिल्लारे मॅडमचं उघडं दार

खिल्लारे मॅडमना जाऊन दीड वर्ष होऊन गेलं. वसमतमध्ये त्यांची आठवण निघाली की माणसं त्यांच्या केकबद्दल बोलतात. मला आधी आठवतं ते त्यांचं दार. केकचं भांडं ओव्हनमध्ये ठेवण्याआधी त्या घराचं पुढचं दार सताड उघडायच्या, ते मिटू नये म्हणून त्याला वरवंटा लावायच्या आणि मग मनगटावरच्या घड्याळात वेळ बघायच्या. घड्याळ त्यांच्या वडिलांचं होतं, मोठ्या तबकडीचं. मॅडमच्या बारीक मनगटावर ते सारखं फिरून खाली जायचं. पुढचा सव्वा तास दार उघडं. उन्हाळ्यात धूळ आत यायची, हळद शिजवायचे दिवस असले की सगळ्या गावाचा तो उग्र वास घरात भरायचा. एकदा गल्लीतलं कुत्रं थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसलं. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बसू दे. आलंय तर बसू दे."

मी वसमतला गेले ती तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायला. मूळची मी लातूरकडची, नाव कल्पना. मॅडम गृहविज्ञान शिकवत. पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, चालताना किंचित पुढं वाकणाऱ्या. लग्न केलेलं नव्हतं. त्यांच्या घराला लागून एक खोली रिकामी होती, ती त्यांनी मला दिली. दोघींच्या मधे एक भिंत आणि पुढं सामायिक ओटा. पहिल्याच रविवारी त्यांनी बशीतून एक पांढरा तुकडा आणून दिला. वर सीताफळाचा गर आणि डाळिंबाचे दाणे.

"चीजकेक का?" मी विचारलं.

"लोक म्हणतात तसं. यात चीज कुठंय? चक्का आहे. चक्का केक म्हण. खा आधी."

पुण्यात एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला मी चीजकेक खाल्ला होता. चार घास खाऊन बशी सरकवून दिली होती, इतका तो जड. हा तसा नव्हता. गार, आंबटसर, आणि जिभेवर ठेवला की विरघळून जाणारा. मी दुसरा तुकडा मागितला तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "जिभेला आठवण राहिली पाहिजे, पोटाला नाही," म्हणाल्या.

हा केक त्यांनी वडिलांसाठी हलका केला होता. नोकरीच्या सुरुवातीला त्या हैदराबादला एका प्रशिक्षणाला गेल्या, तिथं चीजकेक शिकून आल्या. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे मजूर होते, गोडाचे शौकीन, आणि तेवढ्यात डॉक्टरांनी त्यांचं लोणी-तूप बंद केलेलं. मॅडमनी लोणी काढून टाकलं. मलई गेली, साय काढलेल्या दुधाचं दही आलं. ते दही फडक्यात बांधून रात्रभर नळाला टांगायचं. अंड्यातलं पांढरं वेगळं काढून हातानं फेसायचं, इतकं की भांडं उलटं धरलं तरी पडू नये. खाली ज्वारीच्या पिठाच्या बिस्किटांचा चुरा. फळ मात्र वाढायच्या वेळीच वर ठेवायचं. आधी ठेवलं तर त्याला पाणी सुटतं. केळीला पूर्ण बंदी. आमच्या भागात केळी ढिगानं, मुली हमखास केळी घेऊन यायच्या. "काळी पडते," मॅडम म्हणायच्या, "आणि खाणाऱ्याला वाटतं केकच शिळा आहे."

पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला एक छोटा चमचा कायम असायचा. कुणाच्याही घरी, लग्नात, परीक्षेच्या चहापानात त्या आपला चमचा काढून चव घ्यायच्या आणि पुन्हा रुमालात ठेवायच्या. पाककृती त्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहीत. आठवडी बाजारात फळवाल्याच्या गाड्यासमोर दहा-दहा मिनिटं उभ्या राहात, देठाशी नाक नेत. फळवाला म्हणायचा, "मॅडम, तुमच्यासारखं तर डॉक्टर पेशंटला तपासत न्हाई."

प्रात्यक्षिकात मात्र कडक. एका मुलीनं मॅडमची नजर चुकवून दह्यात डब्यातलं घट्ट गोड दूध घातलं. केक झाला, सगळ्यांनी खाल्ला, आवडला. मॅडमनी चमचाभर खाऊन विचारलं, "काहून घातलंस?"

"चांगलं लागतं, मॅडम."

"चांगलं लागतंच. पण माझ्या बापाला चाललं असतं का ते?"

मुलींना कळलं नाही कुठला बाप. वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

त्यांच्या केकला भेगा जायच्या, हे पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं. ओव्हन जुना, पत्र्याचा, गॅसच्या शेगडीवर ठेवायचा. दार उघडं असल्यामुळं वारा आत यायचा, शेगडीची ज्योत हलायची, आच कमी-जास्त व्हायची आणि केक मधोमध फाटायचा. मॅडम त्या भेगेवर फळं मांडायच्या. जुन्या विद्यार्थिनी भेटायला आल्या की म्हणायच्या, पूर्वी मॅडमचा केक आरशासारखा असायचा, एक रेघ नाही. मी एकदा म्हटलं, "मॅडम, तासभर दार लावून घेतलं तर?"

"राहू दे," एवढंच म्हणाल्या. आवाज असा होता की मी पुन्हा विचारलं नाही.

दुसरी गोष्ट कळायला वेळ लागला. केक ओव्हनमध्ये जाऊन पाऊण तास झाला की मॅडम हातातलं काम थांबवून मान वर करायच्या. मी समोर बसून उत्तरपत्रिका तपासत असायचे. त्या उठायच्या, दारापर्यंत जायच्या, उंबऱ्यात उभ्या राहून ओट्याकडं बघायच्या, मग परत येऊन बसायच्या. "कोणी आलं होतं का?" मी विचारायचे. "नाही," त्या म्हणायच्या. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

आणखी एक प्रसंग मी आजवर कुणाला सांगितला नाही. तिसऱ्या वर्षीच्या एका दुपारी मॅडम केक ठेवून बाजारात गेल्या. जाताना म्हणाल्या, "दार लावू नकोस, आणि कोणी आलं तर आत बसव." मी शेगडीजवळ स्टूल टाकून पुस्तक वाचत होते. बाहेर ओट्यावर चपला काढल्याचा आवाज आला, एक आणि मग दुसरी, हळू, कुणाला त्रास होऊ नये अशा बेतानं काढलेल्या. मी "या" म्हटलं. कुणी आलं नाही. उठून पाहिलं तर ओटा रिकामा. गल्लीत ऊन पडलेलं, एक माणूस नाही. वारा असेल, शेजारच्यांचं काही पडलं असेल, असं मी मला सांगितलं. मॅडम परत आल्या. माझा चेहरा बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्या माझ्याशेजारी बसल्या.

"मला वाटायचं माझ्याच डोक्यात आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या वडिलांनी देव आणि भूत एकाच दिवशी घराबाहेर काढले. आमच्याकडं असलं काही मानत नाहीत, कल्पना. म्हणून सांगायची लाज वाटते."

त्या दुपारी त्यांनी मला रेणुकाची गोष्ट सांगितली.

रेणुका आडे ही त्यांची बारावीची विद्यार्थिनी. वारंग्याच्या रस्त्यावरच्या तांड्यातली. मी वसमतला येण्याच्या तीन वर्षं आधीची. मॅडमच्या हाताखालून शेकडो मुली गेल्या, पण तसा हात दुसरीचा नव्हता. भांड्याला बोटानं टिचकी मारून ती सांगायची, मध्यभागी अजून ओलं आहे, पाच मिनिटं द्या. दर रविवारी ती घरी यायची. मॅडम तिला पुढं परभणीला शिकायला पाठवायच्या विचारात होत्या. फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता.

परीक्षा संपली त्या महिन्यात महाविद्यालयात तपासणीसाठी समिती येणार होती. प्राचार्यांनी मॅडमना केक करायला सांगितला. आदल्या दिवशी सकाळी केक ठेवला आणि निम्म्यात सिलिंडर संपलं. केक बसला. दुसरं सिलिंडर आणून, उरलेल्या चक्क्यात त्यांनी दुपारी दुसरा ठेवला. तिसऱ्यासाठी चक्का नव्हता. त्यांच्या घराचं दार पावसाळ्यात फुगलेलं, नंतर ते नीट बसलंच नाही. उघडायचं तर खांद्यानं ढकलावं लागायचं आणि सगळी भिंत हादरायची. ओव्हन त्याच भिंतीला टेकून. फेसलेल्या अंड्याचा केक फुगत असताना असा धक्का बसला की तो खाली बसतो. मुलींना त्यांनी हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं असायचं.

पाऊण तास झाला होता. दारावर हलकी थाप पडली.

"मॅडम, मी हाय. रेणुका."

"तासाभरानं ये गं," मॅडम आतून म्हणाल्या. "आत्ता दार उघडता येत नाही."

"बरं, मॅडम."

दाराखालच्या फटीतून तिची सावली दिसत होती. ती लगेच गेली नाही. मॅडम फटीकडं बघत होत्या आणि मनात म्हणत होत्या, हिला कळतंय ना केक आहे ते, मग उभी का. मग सावली गेली. अर्ध्या तासानं केक निघाला. एक रेघ नव्हती त्याच्यावर. मॅडमनी दार उघडलं, ओट्यावर कोणी नव्हतं.

रेणुका संध्याकाळी आली नाही, पुढच्या रविवारीही नाही. दहाव्या दिवशी मॅडम स्वतः तांड्यात गेल्या. बाप अंगणात चार माणसांबरोबर बसला होता. म्हणाला, "कोन रेणुका? आमच्यासाठी मेली ती." तिचं लग्न ठरवलं होतं, सुपारी फुटायच्या दिवशी ती घरातून निघून गेली होती. कुणी म्हणत होतं विहिरीत शोधा, कुणी म्हणत होतं कुणाबरोबर तरी गेली. मॅडम परत निघाल्या तेव्हा तिची आई सीताबाई पाण्याच्या टाकीपाशी त्यांची वाट बघत उभी होती. गालावर मारल्याचा वळ होता.

"मॅडम, लेकरू तुमच्याकडंच निघालं व्हतं," सीताबाई म्हणाली. "मीच पाठवली. म्हनलं, मॅडम ठेवून घेतील दोन दिवस. आली न्हाई का ती?"

हे सांगताना मॅडम थांबल्या. शेगडीवरचा केक करपायला लागला होता. मी गॅस बंद केला, त्यांचं लक्ष नव्हतं.

"मी म्हणाले, नाही आली," त्या म्हणाल्या. "तोंडातून निघून गेलं. हो म्हटलं असतं तर पुढं विचारलं असतं, मग कुठं गेली. दार उघडलं नाही, हे सांगायला जीभ वळली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, मंग फसवलं तिनं मला. मी तिथंच उभी होते. तेव्हाही बोलले नाही."

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी केक ठेवला आणि पाऊण तासानं थाप ऐकली. दार उघडलं, कोणी नाही. पुढच्या वेळीही. मग त्यांनी दार उघडं ठेवायला सुरुवात केली. थाप बंद झाली. त्याजागी चपला काढल्याचा आवाज यायला लागला. "आत येत नाही पण," त्या म्हणाल्या. "दार उघडं असून आत येत नाही."

मी त्यांना केक करणंच बंद करा असं सुचवलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी वाईट बोलले होते. "मग ती कधी येणार?" त्या म्हणाल्या.

अशी आणखी तीन वर्षं गेली. आम्ही दोघी त्या आवाजाबद्दल पुन्हा फारसं बोललो नाही. रविवारी दुपारी मी शक्यतो त्यांच्याकडं जाऊन बसायचे. कधी ऐकू यायचं, कधी नाही. आवाज आला की मॅडम उठून उंबऱ्यापर्यंत जायच्या, हळू आवाजात "ये" म्हणायच्या, क्षणभर थांबायच्या आणि परत यायच्या. महाविद्यालयात त्या हसायच्या, मुलींना ओरडायच्या, सहकाऱ्यांच्या डब्यातली भाजी आपल्या चमच्यानं चाखून बघायच्या. कुणाला कळलंही नसतं.

सहाव्या वर्षी मला उदगीरला कायमची नोकरी मिळाली. जायला पंधरा दिवस होते. त्यातल्या एका शनिवारी मी कळमनुरीला एका लग्नाला गेले आणि परतताना वारंगा फाट्यावर बस बदलायला उतरले. फाट्यावर टपऱ्यांची रांग आहे: भजी, चहा, टायरचं पंक्चर, मोबाईल. त्यातल्या एका दुकानात काचेचं छोटं कपाट होतं. नानकटाई, खारी, आणि खालच्या गार कप्प्यात पांढरे तुकडे. बाहेर पाटी होती, हातानं रंगवलेली. तिच्यावर शेवटी लिहिलं होतं, चक्का केक.

तो शब्द मी एकाच माणसाच्या तोंडून ऐकला होता. मी एक तुकडा मागितला. दुकानातल्या बाईनं तुकडा बशीत ठेवला, मग डबा उघडून संत्र्याच्या सोललेल्या फोडी काढल्या आणि माझ्यासमोर वर मांडल्या.

"आधीच का नाही लावत फळं?" मी विचारलं.

"पानी सुटतं, ताई."

"कुठं शिकलात हे?"

"वसमतला व्हत्या एक मॅडम."

"खिल्लारे मॅडम?"

तिचा हात थांबला. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, सावळी, केस घट्ट बांधलेले. मागं पोत्यावर एक छोटी मुलगी झोपलेली.

"त्यांनी पाठवलं का तुमाला?"

"नाही. मी त्यांच्या शेजारी राहते. तुम्ही रेणुका का?"

तिनं मान हलवली. मी बाकावर बसले. तीन वर्षं ज्या मुलीची चप्पल वाजताना ऐकत होते, ती समोर उभी राहून मला पाण्याचा ग्लास देत होती.

गिऱ्हाईक नसताना ती बोलली. त्या दिवशी तासभर थांबायची सोय नव्हती. काका मोटरसायकलवर तिला हुडकत वसमतभर फिरत होता. ती तशीच बसस्टँडवर गेली, समोर नांदेडची बस लागली होती. नांदेडला एका बेकरीत कामाला राहिली. तिथंच काम करणाऱ्या माणसाशी लग्न केलं. दोन वर्षांपूर्वी बाप वारला, तेव्हा दोघं इथं फाट्यावर आले.

"इथंच काहून?" मी विचारलं.

"तांड्याची मान्सं याच रस्त्यानं जातात. कोनीतरी आईला सांगंल."

"आईशी बोलणं नाही?"

"बा गेला तवा फोन केला व्हता. म्हनली, तू मला फसवून गेलीस. तुझ्यापायी मी मार खाल्ला, अन् तू मॅडमकडं गेलीच न्हाईस, दुसरीकडंच जायचं ठरवून बसली व्हतीस. मॅडमनं सोता सांगितलं मला. तू मेली असतीस तर बरं व्हतं म्हनली." रेणुकानं फडक्यानं काच पुसली. पुसलेलीच काच पुन्हा पुसली. "मॅडमचा मला राग न्हाई, ताई. केक फुगताना दार उघडलेलं चालत न्हाई, मला म्हाईत व्हतं. मी तरी कुठं सांगितलं कशाला आले ते. नुसतं मी हाय म्हनले. सांगितलं असतं तर उघडलं असतं त्यांनी. पन आईला त्यांनी 'आलीच न्हाई' असं काहून सांगितलं असंल, ते मला समजून न्हाई राहिलं."

मला कारण माहीत होतं. मी तिला सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. मॅडमनी केक ठेवला होता, दार उघडं होतं. मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. रेणुका जिवंत आहे म्हटल्यावर त्या माझ्याजवळ सरकल्या. मग विचारलं, "खाऊन-पिऊन बरी आहे ना?" मी तिच्या मुलीबद्दल सांगितलं, दुकानाबद्दल, संत्र्याच्या फोडींबद्दल. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण त्या हसत होत्या. "फोडी सोलून लावते?" त्यांनी दोनदा विचारलं.

मग मी सीताबाईचं सांगितलं. फोनवर आई मुलीला काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. मॅडमचं हसू गेलं. त्या उठल्या आणि त्यांनी शेगडी बंद केली. केक आत अर्धा कच्चा होता.

तेवढ्यात बाहेर ओट्यावर आवाज आला. एक चप्पल, मग दुसरी. आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"मला वाटलं होतं आता थांबेल," मॅडम म्हणाल्या. "ती जिवंत आहे, फाट्यावर दुकान आहे तिचं. मग ही कोण?" मग त्याच म्हणाल्या, "ही सतरा वर्षांची आहे. हिला अजून कोणी आत घेतलं नाही. ही माझ्याकडंच राहणार." त्या घाबरलेल्या नव्हत्या. थकलेल्या दिसत होत्या.

माझा जायचा दिवस आला. सामान आदल्या दिवशी टेम्पोनं गेलं होतं. हातात एक पिशवी उरली होती. सकाळी मॅडम तयार होऊन ओट्यावर उभ्या. "तांड्यापर्यंत माझ्याबरोबर येशील का?" म्हणाल्या. "तिथून तुला उलट्या बाजूची बस मिळेल. मला एकटीला होणार नाही. गेल्या आठवड्यात दोनदा बसस्टँडवरून परत आले."

हळदीचे दिवस होते. तांड्याच्या तोंडाशीच कढई लावलेली, वाफा निघत होत्या, शिजलेली हळद अंगणभर वाळत पसरलेली. सीताबाई एका झोपडीवजा घरापुढं बसून वाळलेली हळकुंडं मोडत होती. केस पांढरे झालेले, हात कोपरापर्यंत पिवळे. तिनं मॅडमना ओळखलं. उठली नाही. "बसा," म्हणाली.

मॅडम बसल्या नाहीत. उभ्यानंच बोलल्या, वर्गात बोलायच्या तशा, स्पष्ट.

"सीताबाई, रेणुका त्या दिवशी माझ्याकडं आली होती. तिनं तुम्हाला फसवलं नाही. मी दार उघडलं नाही. ओव्हनमध्ये केक होता, तो बिघडेल म्हणून तिला तासाभरानं ये म्हणाले. आणि तुम्ही विचारलं तेव्हा तुम्हाला खोटं सांगितलं."

सीताबाईचे हात चालूच होते. कट, कट, हळकुंड मोडायचा आवाज. तिनं दोन-तीन हळकुंडं मोडली.

"आली व्हती," ती म्हणाली.

"हो."

"मी लेकराला मर म्हनले फोनवर."

तिनं हातातलं हळकुंड सुपात टाकलं.

"नऊ वर्सं," सीताबाई म्हणाली, "नऊ वर्सं हे पोटात ठेवून तुमी जेवल्या कशा, मॅडम?"

"जेवले," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं आता ती ओरडेल, शिव्या देईल. बाजूच्या घरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. सीताबाईनं पुढ्यातलं सूप बाजूला केलं. "कुठं हाय ती?" तिनं मला विचारलं, मॅडमना नाही.

"वारंगा फाट्यावर. दुकान आहे. एक मुलगी आहे तिला."

ते तिला माहीत असावं. तिनं मान हलवली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा लुगडं बदललेलं होतं आणि हातात फडक्यात बांधलेली नव्या हळदीची पुरचुंडी होती. आमच्याकडं न बघता ती रस्त्याकडं चालायला लागली. मॅडम तिच्या मागं दहा पावलांवर. मी त्यांच्या मागं.

त्या दिवशी फाट्यावर काय झालं ते मी पाहिलं नाही. रेणुकानं नंतर फोनवर सांगितलं की आई दुपारभर दुकानातल्या पोत्यावर बसून राहिली, बोलली नाही, आणि संध्याकाळी नातीला मांडीवर घेतलं तेव्हा रडली. मॅडम त्यानंतर दर पंधरा दिवसांनी फाट्यावर जायच्या. मी फोनवर एकदा विचारलं, दुपारचा आवाज येतो का. "येतो की," म्हणाल्या, साध्या आवाजात, आणि उदगीरला फळं कशी मिळतात ते विचारलं. त्या पावसाळ्यात त्या गेल्या. रेणुकानंच कळवलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी, तांड्यासमोरच्या रस्त्यावर. वारंग्याकडची बस आधी आली. सीताबाई चढली आणि खिडकीशी जाऊन बसली. पुरचुंडी तिनं शेजारच्या सीटवर ठेवली. मॅडम खालीच उभ्या राहिल्या. एक हात दाराच्या दांडीवर, पाय जमिनीवर. कंडक्टर म्हणाला, "बाई, यायचं का न्हाई?" मॅडमनी खिडकीकडं पाहिलं. सीताबाई समोर बघत होती, चेहरा दगडासारखा. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. तेव्हा सीताबाईनं समोर बघतच शेजारची पुरचुंडी उचलली आणि मांडीवर घेतली.

मॅडम चढल्या. बस निघाली तेव्हा मागच्या काचेतून मला दोघींची डोकी दिसली, एकावर पदर, दुसऱ्याचा पांढरा अंबाडा, दोन्ही सरळ समोर वळलेली. मग वळणावर बस दिसेनाशी झाली.